चार बोटं दुमड

मामा तिला बेडकी म्हणायचा. प्राणिशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात घेतली आणि नोकरी काही मिळेना, तेव्हा "तोवर माझ्या दुकानात बस" म्हणून त्यानेच बोलावलं. दुकान शाळांच्या गणवेशांचं. पुढे काउंटर, मागच्या खोलीत शिलाई मशिनं, आणि तिथेच कोपऱ्यात बेडकीची आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, काज-बटणं करायची. "बेडूक कापून झाले, आता कापड कापायला शीक," असं मामा गिऱ्हाइकांसमोर म्हणे आणि स्वतःच हसे. बेडकीही हसायची. पोटासाठी माणूस कशाकशाला हसतो!

पण पोरगी चिवट. शहरातली सगळ्यात मोठी शाळा मामाला दारात उभं करत नव्हती. हिने तिथे हेलपाटे घालघालून चपला झिजवल्या. मुख्याध्यापिकाबाईंसमोर कापड चुरगाळून दाखवलं, धुऊन दाखवलं, आणि शेवटी ऑर्डर आणलीच. संस्थेची माणसं पक्कं करायला दुकानात आली, त्या दिवशी मामाने तिला खुर्चीवरून उठवलं आणि तिथे आपला चिरंजीव बसवला. हा चिरंजीव असा, की शर्टाची पुढची बाजू कुठली हेही त्याला सांगावं लागे.

"हे सगळं आमच्या मुलाने जमवलं बरं का," मामा म्हणाला. "ही आपली भाची. बेडूक कापते! जा गं, आत बटणं निवड जा."

माणसं खो खो हसली. बेडकी आत जाऊन बटणं निवडत बसली. डोळ्यांना पांढरं-काळंही दिसेना, इतकी तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"मामा आहे तुझा," घरी आई म्हणाली. "एवढं मनाला लावून घेऊ नये."

"घेतलंय लावून. ती शाळा मी त्याच्या हातातून काढून घेणार. नाही घेतली तर थू माझ्यावर!"

आणि बाईने काय करावं? पलीकडच्या गल्लीत स्वस्तात जागा मिळत होती, ती सोडून बरोब्बर मामाच्या समोरचा अर्धा गाळा घेतला. का, तर सकाळी त्याने शटर वर केलं की पहिलं तोंड आपलं दिसावं! पाटी लावली, 'गणवेश वाढवून मिळतील'. आईसुद्धा आपली सुई-दोऱ्याची पिशवी उचलून रस्ता ओलांडून आली. "इथे उजेड बरा आहे," एवढंच म्हणाली. मामा आल्यागेल्याला सांगत सुटला, "बघा, बेडकीने डबकं उघडलंय." तिच्या कानावर येई. ती दातओठ खात मशिन चालवी.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. पँट असो की स्कर्ट, खाली आतल्या बाजूने चार बोटं दुमड ठेवायची. पोर वाढलं की दुमड उसवायची, सोडायची, आणखी एक वर्ष निघतं. आईबाप घेतानाच आत बोट घालून बघतात. पण एवढी मोठी ऑर्डर हातात आल्यावर मामाला हाव सुटली. चिरंजीवांनी आयुष्यात पहिल्यांदा डोकं चालवलं: दुमड एकच बोट ठेवायची, कापडाचे तागेच्या तागे वाचतील! शाळेने दुकान ठरवून दिलेलं, आत बोट घातलं तरी लोक जाणार कुठे? बापाला लेकाचा कोण अभिमान वाटला.

पण पोरं काही मामाला विचारून वाढत नाहीत. बेडकाची शेपूट गळते आणि पोरांचे पाय लांबतात, एवढंच ज्ञान बेडकीला त्या पदवीतून धंद्यात उपयोगी पडलं. सहामाहीनंतर आया पिशव्या घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. ती दुमड उसवून दाखवी. आत काय, बोटभर चिंधी! मामाकडे गेलं तर तो म्हणे, नवीन घ्या.

मनात आणलं असतं तर खाली पट्टी जोडून तिला चार पैसे मिळवता आले असते. तिने एकही पँट वाढवली नाही. उसवलेली तशीच हातात परत दिली आणि गोड आवाजात म्हणाली, "मला काय दाखवता, ताई? मुख्याध्यापिकाबाईंना दाखवा." वरून आपण शिवलेली चार बोटं दुमडीची एक पँटही प्रत्येकीच्या पिशवीत घातली. कंड, दुसरं काय! एका सकाळी प्रार्थनेला रांगा लागल्या, आणि मुख्याध्यापिकाबाईंना या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते उघडे घोटे दिसले.

नव्या वर्षाची ऑर्डर बेडकीला मिळाली. त्या दिवशी ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि समोर बघून पोटभर हसली. लाजबीज काही वाटली नाही. का वाटावी?

पुढे महिन्याभरात मामाच आला. कारागीर रिकामे बसले होते, मशिनांवर धूळ चढली होती. काउंटरपाशी उभा राहून म्हणाला, "शाळेची थोडी शिलाई माझ्याकडे दे. तू सांगशील तशी शिवून देतो."

या घटकेसाठी बेडकीने काय काय पाठ करून ठेवलं होतं! त्यातलं एक वाक्य तोंडाशी आलं, पण समोर मामाची मान खाली गेलेली. लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून ती हिंडली होती. "बघते, मामा," ती पुटपुटली. "काहीतरी करू."

मामाला धीर आला. आत बघून म्हणाला, "ताई, तू पण सांग ना हिला."

आईने दोरा तोडला आणि उठून बाहेर आली.

"माझ्या पोरीला लोकांसमोर हसलास, तेव्हा मी आत काज करत बसले होते. सगळं ऐकत होते. भाऊ, भाऊ करत जागची हलले नाही. ती देईल रे तुला काम, मऊ आहे ती. मी देऊ देणार नाही. जा."

मग लेकीकडे वळून म्हणाली, "आणि चहा विचारू नकोस त्याला."

चहावाल्याला हाक मारायला उघडलेलं तोंड बेडकीने मिटलं.