त्याने राखलेलं बेणं

भाऊ गेल्यानंतरही त्याची झाडं पिकत राहिली होती, हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

झाडं खरी नव्हती. हातात मावणाऱ्या एका जुन्या गेमच्या यंत्रात ती होती. भिवंडीच्या गोदामातून भावाचं सामान आलं, त्यात ते आलं, आणि सगळा पावसाळा त्याच्याच पिशवीत खुंटीला लटकून राहिलं. भावजय त्या पिशवीखालून जाताना मान खाली घालायची. शेवटी भाचीने, त्याच्या मुलीने, ते काढलं, चार्जरला लावलं आणि माझ्यापुढे धरलं.

"आत्या, चालू कर. मला इंग्रजी वाचता येत नाय."

मी चालू केलं. पडद्यावर भावाचं नाव आलं, पुन्हा आलात, बरं वाटलं, अशा अर्थाचं एक वाक्य आलं, आणि मग हिरवं शेत. ओळीने झाडं, प्रत्येक झाडाला फळं. या खेळाच्या पोटात घड्याळ असतं म्हणे, यंत्र बंद असलं तरी ते चालतं. फळं पिकली, गळली, त्याच जागी रुजली आणि पुन्हा पिकली. तो गेल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

यंत्र सुरू होताना एक लहानशी धून वाजते. ती ऐकून चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "आला काय?" मग ताटली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

मी मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या शाळेत शिकवते. घर पोशेऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावर, भाचीही माझ्याच शाळेत आहे, सुट्टी लागली की आम्ही दोघी तिथे येतो. मुलांच्या हातात असले खेळ दिसले की माझं डोकं फिरतं. भाऊ नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, खळ्यावर बसूनसुद्धा हे यंत्र घेऊन बसायचा. मी म्हणायचे, बाप्या माणूस तू, राक्षस कसले पाळतोस. तो म्हणायचा, "तू दुसऱ्याची पोरं पाळतंस, मी राक्षस. फरक काय तो सांग." फरक मला सांगता आला नव्हता, म्हणून मी अजून चिडायचे.

खेळ तसा सोपा आहे. रानातून तऱ्हेतऱ्हेचे प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे. एक गोष्ट असते, ती संपते, सगळे टाळ्या वाजवतात. खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. डोंगरावरचा एक बुरूज उघडतो. त्यात एकामागून एक लढवय्ये उभे असतात, मध्ये विश्रांती नाही, औषध नाही, हरलं की पुन्हा पहिल्यापासून. जिंकलं तर बुरुजाच्या भिंतीवर तुमच्या प्राण्यांची तसबीर लागते आणि खाली त्यांची नावं. भाऊ या बुरुजाशी अडला होता.

त्याच्या टोळीत पाच दांडगे होते. सहावा म्हणजे घुशीएवढा एक जीव, डोक्यावर नागलीच्या कणसासारखी आवळलेली मूठ. लढाईच्या दृष्टीने बिनकामाचा. पण त्याला भावाने आपल्या मुलीचं लाडाचं नाव दिलं होतं आणि तिला सांगितलं होतं की तुझी तसबीर त्या भिंतीवर लावीन, मगच हे यंत्र खाली ठेवीन. बाप गेल्यापासून भाची वर्गात तोंड उघडत नव्हती, घरात हो-नाही एवढंच. आता बोलायला लागली होती ती या एकाच गोष्टीवर. ती तसबीर लागली पाहिजे. म्हणून मी बसले, नाहीतर मला कुठली हौस.

रेंज आमच्याकडे पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर येते. तिथे उभी राहून मी हिंदीतले व्हिडिओ बघायचे. मिसरूड फुटलेली पोरं भराभर बोलतात आणि सगळ्या जगाला 'दोस्तों' म्हणतात. डी.एड.ला मी एवढा अभ्यास केला नव्हता. कोणता प्राणी पाण्याचा, कोणता आगीचा, कुणापुढे कुणाला उतरवायचं, कोण तापट, कोण भित्रा, कुणाची चपळाई वाढवायची आणि कुणाचं बळ. वर्गात पोरांना ओळीत बसवताना मी हेच करते, ते तेव्हा लक्षात आलं. एका पोराने मुद्द्याचं सांगितलं. काही दुर्मिळ फळं असतात, ती खाऊ घातली की प्राण्याची ताकद कायमची वाढते. बुरुजाला हात लावायच्या आधी ती सगळी खाऊ घाला, नाहीतर फुकट डोकं फोडून घ्याल.

घरी येऊन मी खेळातली पिशवी उघडली. ती त्याच फळांनी गच्च भरलेली होती. शेतात जी झाडं ओळीने उभी होती, तीही त्यांचीच. भावाने एकही फळ कुठल्या प्राण्याला खाऊ घातलं नव्हतं. मिळालं की पेरलं, पिकलं की तोडलं, चांगलं निवडून परत पेरलं, उरलेलं पिशवीत. आणि टोळी उपाशीपोटी बुरुजावर नेऊन हरत राहिला.

मला हसू आलं. खेळ बनवणाऱ्यांनी मोखाड्याच्या माणसाचा विचार केलेला नव्हता. आमच्याकडे उत्तम दाणा हाती आला तर तो खात नाहीत. ते बेणं. चुलीच्या वर धुरात वाळवून पोकळ केलेला भोपळा टांगलेला असतो, त्यात निवडक कणसांची नागली असते. श्रावणात घरात नुसती रानभाजी शिजत असली तरी त्या भोपळ्याकडे बघायचं नाही, हे आईने आम्हा दोघांना चिमटे काढून शिकवलं. कणसं निवडायचं काम भावाचं असायचं. दरवर्षी तो खळ्याला यायचा ते तेवढ्यासाठीच.

हसता हसता मी थांबले, कारण रजाही त्याने अशीच राखली होती. बोहाड्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या मुखवट्यांच्या उत्सवात, आमच्या घराकडे एक सोंग असतं, मुखवटा घालून नाचायचा मान पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्यासाठी त्याला आठवडाभर तरी घरी यायचं होतं. हिवाळ्यात डोळे पिवळे झाले तरी त्याने सुट्टी घेतली नाही. मागितली असती तर मिळाली असती, असं त्याच्या खोलीवरचा सोबती सांगतो. बोहाड्याला लागेल, आत्ता कशाला मोडू, असं तो म्हणायचा. दवाखान्यात नेला तेव्हा फार उशीर झाला होता. बोहाड्यात तो मुखवटा चुलतभावाने बांधला, त्याला तो सैल होत होता, आणि मी बघायला उभी राहू शकले नाही. मला त्याचा राग येतो. अजूनही, हे लिहितानाही येतो.

खेळात प्राण्याकडे तोंड करून बटण दाबलं की तो कसा आहे हे एका ओळीत लिहून येतं. त्या लहान्याकडे वळून भाचीने बटण दाबलं आणि विचारलं, "काय म्हणतंय?" पडद्यावर लिहिलं होतं की हा कुणाला तरी शोधतोय असं दिसतं. हे वाक्य यंत्र सगळ्यांनाच दाखवत असणार, कुणी बरेच दिवस फिरकलं नाही की दाखवत असणार. मला हे समजतं. तरी मी ते तिला वाचून दाखवलं नाही.

"भूक लागलीय म्हणतो," मी म्हटलं.

"मग दुसरा काय तरी दे. ते बाबांचा बेणा हाय."

"अगं, ती फळं खायचीच असतात."

"बेणा खात नायत, आत्या. तूच शाळेत सांगतंस ना मोठ्यांचा ऐका म्हणून."

माझ्याच शाळेत शिकतेय, दुसरं काय होणार. मी ओरडून पाहिलं, गोडीने पाहिलं. तिने यंत्र छातीशी धरलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मग आम्ही फळांना हात न लावता बुरुजावर गेलो. डावपेच सगळे लावले, क्रम बदलला, पाण्यापुढे आग नेली नाही, सगळं व्हिडिओतल्यासारखं केलं. लहाना पहिल्या फटक्यात आडवा व्हायचा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दर वेळी यंत्र सुरू झालं की ती धून वाजायची आणि चुलीपाशी आईचा हात थांबायचा. आता ती विचारत नसे, पण हात थांबायचा. आपण दोघी मिळून या म्हातारीला रोज एकदा फसवतोय असं मला वाटायला लागलं. घरात चार माणसं होतो आणि वावर पाच जणांचा होता.

एका सकाळी आई आमच्याजवळ येऊन बसली. पडद्यावर शेत होतं. "याने काय लावलाय?" तिने विचारलं. भाचीने तिला सगळं सांगितलं, फळं, बुरूज, तसबीर, आत्याचा हट्ट. सांगता सांगता ती माझ्याकडे रागाने बघत होती. आई ऐकत राहिली. मग उठली, चुलीवरचा एक भोपळा खाली काढला आणि आमच्यासमोर ठेवला.

तो भावाच्या हातचा होता. मागच्या खळ्याला त्याने कणसं निवडून भरलेला. पावसाळ्याच्या तोंडावर आईने दुसऱ्या भोपळ्यातलं बेणं पेरलं, याला हात लावला नव्हता. हे मला माहीतच नव्हतं.

"ठेवून बघला मी," आई म्हणाली. "वरसभर बघला. पेरनारा यायचा नाय. याला आता किडं लागतील." मग भाचीकडे बघून म्हणाली, "सासरा गेला तवा त्याचा बेणा माझ्या सासूनं असाच दळला होता. पेरनारा गेला तं त्याचा बेणा घरानं खावा. नायतं तो तिथंच बसून राखीत ऱ्हातो."

भावजय दारात उभी होती. तिने पुढे होऊन भोपळा उचलला आणि नागली सुपात ओतली. दळायलाही तीच बसली.

दुपारी भाकऱ्या झाल्या. पहिला तुकडा आईने पानावर घालून अंगणाच्या कडेला ठेवला आणि त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. मग आम्ही बसलो. भाकर नेहमीसारखीच होती. मला वाटलं होतं माझ्या घशाखाली उतरणार नाही, पण भूक लागली होती आणि मी दोन खाल्ल्या. भाचीने मात्र आपल्या वाटणीचा तुकडा मोडला नाही. सगळ्यांची नजर चुकवून तिने तो दप्तराच्या कप्प्यात टाकला. मी बघितलं.

पण त्यानंतर यंत्र तिने माझ्याकडे दिलं नाही, आपणहून स्वतःच उघडलं. शेतात गेली. ओळीने एकेका झाडाची फळं तोडली; फळं तोडली की तिथे झाडही नाहीसं होतं. मग पिशवीतलं एकेक फळ त्या लहान्याला खाऊ घालत गेली. दर वेळी यंत्र विचारायचं, द्यायचं का? ती हो दाबायची, आणि प्रत्येक हो दाबण्याआधी जरा थांबायची. शेवटचं एक फळ तिने खाऊ घातलं नाही. मला वाटलं पेरायला ठेवतेय. ते तिने लहान्याच्या हातात दिलं. हातात दिलेलं फळ प्राणी जीव जाऊ लागला की आपणच खातो, हे मीच तिला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट होती, म्हणून चार्जर लावून आम्ही बुरुजावर गेलो. दांडगे आपापल्या जागी लढले आणि एकेक करून पडले. शेवटच्या लढवय्यापुढे लहाना एकटा उरला. त्याला फटका बसला. किती जीव उरलाय ते दाखवणारी रेघ लाल होऊन टोकाला आली, आणि पडद्यावर ओळ उमटली की त्याने हातातलं फळ खाल्लं. भाचीने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतत होती. मग लहान्याने उलटा फटका मारला आणि समोरचा पडला.

तसबीर लागली. सहा प्राणी दाटीवाटीने उभे, सगळ्यात पुढे लहाना, त्याच्याखाली भाचीचं लाडाचं नाव. त्यावर भावाचं नाव, विजेता म्हणून. भावजय बघायला आली. पहिल्यांदाच तिने त्या यंत्राकडे नीट बघितलं, आणि तोंडाला पदर लावून आत गेली. भाची हसली नाही, नाचली नाही. तिने मला विचारलं, "आता काय म्हणतो बघ." लहान्याकडे वळून तिने बटण दाबलं. त्याचं पोट भरलंय आणि तो तुमच्याकडे बघतोय, असं लिहून आलं. या वेळी मी होतं तसंच वाचून दाखवलं.

मग ती शेतात गेली. ओळीने नुसती काळी माती. एवढी मोकळी जमीन त्या शेताने भावाच्या हातात कधी बघितली नसेल. ती मधोमध उभी राहिली आणि बटण दाबलं. यंत्राने विचारलं, माती मऊ आहे, काही पेरायचं का?

मी ते वाचून दाखवलं. मग तिने नाही दाबलं. यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं, दप्तर ओढलं, कप्प्यातला तो भाकरीचा तुकडा काढला आणि माझ्याकडे पाठ करून खायला लागली. तो रात्रीतून दगड झाला होता. मला तिची पाठ हलताना दिसत होती आणि चावल्याचा कडकड आवाज येत होता.

आवाज चुलीपर्यंत गेला. आई आतून म्हणाली, "पानी पी त्याच्यावर."