सदर मुलगी

लहान मुलाची अब्रू ही साऱ्या समाजाकडे सोपवलेली ठेव असते. आमच्या चिंचवडच्या कामगार वसाहतीत ही ठेव पाण्याच्या टाकीखालच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवत असत.

फळा रहिवासी समितीचा होता. अध्यक्ष कंपनीत टाइमकीपर होते आणि 'खुला कारभार' हे दोन शब्द जेवणाआधी श्लोक म्हणावा तसे म्हणत. पाणी कधी येणार, कुणाच्या गॅलरीतून खरकटं पडलं, सगळं फळ्यावर असे.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी चौथीत होती. आई वारलेली, वडील वेल्डिंग खात्यात फोरमन. एका दुपारी ती वाटीभर साखर मागायला आली आणि माझ्या बायकोकडे पाठ करून तिने झगा वर केला. मशीनच्या पट्ट्याचे वळ होते. काही जुने, काही ओले. झगा खाली सोडत ती म्हणाली, "काकू, मी दाखवलं हे बाबांना कळू देऊ नका. मारून टाकतील."

बायको समितीपुढे गेली. मी मागे उभा होतो.

"चाकणला तिचे मामा आहेत, त्यांच्याकडे पाठवा," ती म्हणाली. "आणि तिने सांगितलं हे बाहेर जाऊ देऊ नका."

"वहिनी, नाव बाहेर जाणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण मामाकडे कसं पाठवणार? पोर एकाएकी दिसेनाशी झाली की लोक विचारणार. मग गुप्तता कुठे राहिली?"

"मग निदान फळ्यावर लिहू नका."

"ते कसं जमेल? उद्या म्हणतील, समितीने प्रकरण दाबलं."

मजकूर तिथेच बसून केला. नावाच्या जागी 'सदर मुलगी' असं घातलं. सदर म्हणजे वर उल्लेख केलेली. वर उल्लेख कुठेच नव्हता, पण शब्द भारदस्त होता. मग खजिनदारांनी हरकत घेतली. त्यांना तीन मुली. "नाव नको हे बरोबर. पण संशय माझ्या पोरींवर आला तर? इमारत घाला राव." इमारत घातली. त्या इमारतीतल्या सभासदाला ते पटेना, म्हणून मजला आणि इयत्ता घातली. त्या मजल्यावर चौथीतल्या दोन मुली निघाल्या, तेव्हा 'आई नसलेली' हे शब्द वाढवले.

"पण नाव कुठेही नाही, बघा," अध्यक्ष समाधानाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर हे सगळे तपशील आले आणि त्यांखाली: सदर मुलीने शेजाऱ्यांस पाठ दाखवून तक्रार केली. सदर मुलीच्या पालकांस योग्य ती समज देण्यात आली. दोघांची नावे गुप्त राखली आहेत.

फोरमननी ते पहिल्या पाळीहून येताना वाचलं, हातात डबा होता. दुसऱ्या सकाळी मुलगी शाळेत बाकाशेजारी उभीच राहिली. "ए सदर, बस की!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला. तेव्हापासून तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. बायको चाकणला जाऊन आली. मामा म्हणाले, समितीने मिटवलंय म्हणतात, आता आम्ही मध्ये कसे पडणार?

त्याच आठवड्यात फळा कोरा सापडला. समितीची तातडीची बैठक झाली. वसाहतीच्या वॉचमनने, तो मूळचा चऱ्होलीचा, साक्ष दिली.

"ती पोरगीच हुती सायेब. झगा भिजवून पुसत हुती. म्या म्हनलं, अगं, आता पुसून काय उपेग? समद्यांनी वाचलंय. तर म्हनली, बाबा रोज घरी येताना परत वाचत्यात."

मग खजिनदार म्हणाले की, लहान मुलाचा हात पोचतो म्हणजे फळा फारच खाली आहे.

मजकूर पुन्हा लिहिला, आणि त्याच्या संरक्षणासाठी लोखंडी जाळीचं दार आणि कुलूप लावायचं ठरलं. जाळी फोरमननी एका रविवारी स्वतः वेल्ड करून दिली, विनामूल्य. समितीने फळ्यावर त्यांचे जाहीर आभार मानले, रंगीत खडूने, पूर्ण नावानिशी.