खाट भाडेकरूची, जागा सासऱ्यांची

मी लग्न होऊन घणसोलीत आले तेव्हा सासऱ्यांची भातशेती होती. तीन-चार वर्षांत पावणे-महाप्याकडे कारखाने उभे राहू लागले, शेतं त्यात गेली आणि मोबदला हातात आला. गावात कुणी तो लग्नांत उडवला, कुणी दारूत. सासऱ्यांनी खोल्या बांधल्या. गावाने त्यांना शहाणं ठरवलं. त्या शहाणपणात मी चार वर्षं काढली, म्हणून बोलते.

आधी परसात दोन खोल्या झाल्या. तिथवर ठीक होतं. घाटावरून कामाला आलेली माणसं जागेसाठी दारोदार फिरत, त्यांचीही सोय झाली. पण सासऱ्यांना भाड्याची चटक लागली. बैल विकून गोठा सारवला आणि त्यात दोन बिऱ्हाडं घातली. मग माझी नि नवऱ्याची खोली गेली. शेवटी माजघरही तीन फिटरांना दिलं.

सासूबाई म्हणाल्या, "आनि आमी कुठं ऱ्हावाचं?"

"ओटी हाय ना! वारा येतो चांगला."

झालं. आम्ही चौघं ओटीवर, मधे जुन्या लुगड्याचा पडदा. भिंतींच्या आत सगळे परके आणि घरचे बाहेर. येणारा-जाणारा सासऱ्यांना 'शेट' म्हणायचा, आणि शेट चटईवर बसून खुशीत मान हलवायचे.

मग एक दिवस ते पडले. मजूर लावायचा नाही म्हणून नव्या खोलीची कौलं स्वतःच चढवत होते. शिडी सरकली नि मांडीचं हाड मोडलं. ठाण्याच्या दवाखान्यातून पाय बांधून आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, खाटेवर पाठ टेकून राहायचं, हलायचं नाही. पण खाट घालायची कुठे? ओटीवर आमच्या चटया सोडून उरलेल्या जागेत भाडेकरूंच्या सायकली होत्या. शेटच्या घरात शेटला झोपवायला जागा नव्हती.

माजघरातला साताऱ्याकडचा फिटर बाहेर आला. तिघांत वयाने तोच मोठा, अबोल माणूस. "वहिनी, आबांना आत घ्या. माझ्या खाटेवर निजू दे. मी ओटीवर पडेन."

दीड महिना सासरे त्याच्या खाटेवर होते. कामावरून आला की तो आधी त्यांना उचलून बसवायचा, अंग पुसायचा. शौचाचं भांडंसुद्धा त्याने काढलं. माझ्या नवऱ्याला ते जमत नव्हतं. शिसारी येते म्हणायचा आणि नाक्यावर जाऊन बसायचा.

महिना भरला. सासऱ्यांनी पडल्या पडल्याच त्या फिटरला हाक मारली. मला वाटलं, दोन गोड शब्द बोलतील.

"भाडा राहिला तुजा," ते म्हणाले.

तो हसला. त्याला चेष्टा वाटली. "आबा, महिनाभर इथं तुम्हीच निजलात की."

"खाट तुजी, जागा माजी. भाडा जागेचा."

फिटरने खुंटीवरच्या सदऱ्यातून पैसे काढून उशीजवळ ठेवले. मी दारात उभी होते. बोलायला हवं होतं, बोलले नाही. संध्याकाळी त्याच पैशांची कोळंबी आली, आणि ती मीच रांधली, मीही खाल्ली. सासऱ्यांना नावं ठेवताना हे मी लपवणार नाही.

सासरे काठीवर चालू लागले त्या आठवड्यात फिटर गेला. जाताना त्यांच्या पाया पडला. खाट डोक्यावर घेऊन गेला. सासऱ्यांना वाईट वाटलं नाही. "नवा मानूस जास्ती देल," एवढंच म्हणाले. आणि खरंच, नव्या माणसाने जास्त दिले.

नवा माणूस आला त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं, "मी या ओटीवर आता राहणार नाही." तो तेव्हा पावण्याच्या एका कारखान्यात लागला होता. तिथल्याच गावात आम्ही एक खोली भाड्याने घेतली. शेटचा मुलगा नि सून दोन कोसांवर भाडेकरू झाले. लोक हसले. हसू देत.

महिन्याभराने सासरे खोली बघायला आले, सासूबाईंना घेऊन. पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "भाडा किती?"

नवऱ्याने सांगितलं. "लुटलं तुमाला," ते म्हणाले. मग जरा ऐटीत, "तुमची ओटीवरची जागा फुकट नाय गेली. दोन पोरं ठेवलीत तिथं."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "आय, तुम्ही इथंच राहा." त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलंही नाही. "ऱ्हाते," म्हणाल्या.

आता सासरे भडकतील म्हणून मी वाट बघत होते. पण ते केव्हाच बाहेर पडले होते. आमच्या घरमालकाला अंगणात गाठून, त्याच्या खोल्या किती नि कौलं कुठून आणली, हे विचारत उभे होते.