मटण शिजेल ते घर

माझ्या दाजींइतक्या आत्मविश्वासानं चुका करणारा माणूस पंचगंगेच्या अल्याडपल्याड दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मंगळवार पेठेत खाली त्यांचं शेतीपंपाच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आणि वर घर. मी राजारामपुरीत राहतो. ते फोनवर बोलायला लागले की वाटतं, फोन मध्ये कशाला, नुसती खिडकी उघडली तरी चालेल. रस्ता विचारणं त्यांना कमीपणाचं वाटतं, सांगायला मात्र फार आवडतं. एकदा गारगोटीच्या लग्नाला निघालेली वऱ्हाडाची गाडी थांबवून त्यांनी 'जवळची वाट' सांगितली. तिकडं अक्षता पडल्या तेव्हा हे वऱ्हाड राधानगरीच्या धरणावर फोटो काढत होतं. गंमत म्हणजे त्याच वऱ्हाडानं पुढं पूजेच्या जेवणाला दाजींना आवर्जून बोलावलं. त्यांच्यावर फार वेळ रागावणं कुणालाच जमत नाही, मला तर नाहीच नाही.

अशा माणसानं साठी उलटल्यावर डोंगरात दुसरं घर घ्यायचं ठरवलं, ते अक्कासाठी. खाली मोटार सुरू झाली की वर अक्काच्या फडताळातली झाकणं नाचतात. तीस वर्षं तिनं ते सोसलं आणि एके दिवशी चहा गाळता गाळता म्हणाली, "मला एक असं घर पायजे, जिथं काय म्हणजे काय ऐकू यायचं न्हाय." लग्नापासून तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. दाजी चहा तसाच ठेवून उठले.

घर पारखायची त्यांची रीत जगावेगळी. कागदपत्रं बघायच्या आधी ते भिंतीवर थाप मारून कान लावत. मग प्रत्येक खोलीत पाच मिनिटं जमिनीवर आडवे होत. आणि सगळ्यात शेवटी पाणी जड की हलकं ते. त्यासाठी गाडीत शेगडी, पातेलं, कांदा-लसूण चटणी आणि किलोभर मटण असे. "तासाभरात मटण शिजंना, तिथं आपुन ऱ्हायाचं न्हाय!" हा त्यांचा कायदा. पन्हाळ्याच्या एका बंगल्यात ते शिजेपर्यंत एजंटाला उपास घडला. गगनबावड्याला मटण लोण्यासारखं शिजलं, पण थाप मारलेल्या भिंतीचा गिलावा दाजींच्या हातात आला. दोन पावसाळे आम्ही असे डोंगर पालथे घातले. घर मिळालं नाही, माझं वजन मात्र चार किलो वाढलं.

मग आजऱ्याचं घर सापडलं. गावाच्या टोकाला, कौलारू, मागं फणसाचं झाड आणि त्यामागं नुसता डोंगर. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, एकट्या. गुडघ्यांमुळं चार घरं पलीकडं पुतण्याकडं राहायला गेलेल्या. अक्का मागच्या पायरीवर अर्धा तास न बोलता बसली. उठली तेव्हा एवढंच म्हणाली, "हेच." परत येताना गाडीत तिनं कुठला डबा कुठं ठेवायचा तेही ठरवून टाकलं.

दाजींनी होकार कळवायचा सोडून पुढच्या रविवारी किल्ली मागून घेतली आणि मला घेऊन पुन्हा आजरा गाठला. अक्का घरीच होती. ती बरोबर असती तर पुढचं घडलं नसतं. शेगडी पेटली, चटणी तेलात पडली, ओळखीचा घमघमाट सुटला. दाजी घड्याळ धरून उभे. मी सहज कोनाड्याकडं पाहिलं. तिथं विभूतीचा डबा होता आणि वर महात्मा बसवेश्वरांची तसबीर. घर लिंगायताचं! अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आत आलं नसेल. "दाजी," मी म्हणालो, "शेगडी बंद करा आधी." तोवर मालकीणबाई आज्जी दारात आल्या होत्या.

"अय्यो शिवा! काय शिजवालाय माझ्या सैपाकघरात?"

दाजींनी विजयानं झाकण उचललं. "मटण, आज्जी! चाळीस मिंटात! पाणी एक नंबर हाय तुमचं!"

आज्जींनी पदर नाकाला लावला. आवाज चढवला नाही. "किल्ली ठेवा आणि जावा," म्हणाल्या.

वाटेतलं उत्तूर गाव मागं पडेपर्यंत दाजी एक शब्द बोलले नाहीत. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. घरी आल्यावर त्यांनी काही न लपवता अक्काला सगळं सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "असू दे," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. खाली दुकानात मोटार घरघरत होती.

दुसऱ्या दिवशी दाजींनी दुकानाला कुलूप लावलं आणि चुना, कुंचा, चिंच घेऊन आजरा गाठला. आज्जींच्या पुतण्याच्या दारात हात जोडून उभे राहिले आणि किल्ली घेऊनच हलले. दोन दिवस त्यांनी ते सैपाकघर घासलं, दोनदा चुना दिला. आज्जींचं तांब्याचं घंगाळ चिंचेनं लख्ख केलं. विहिरीवरची बंद पडलेली मोटार खोलून नव्यानं तारा भरल्या. आज्जी अंगणात खुर्ची टाकून बघत होत्या. शेवटी त्यांच्याच्यानं राहवलं नाही. "एवढं कशाला करता, अप्पा? घर मी देणार न्हाय म्हटलं की."

"नका देऊ," दाजी म्हणाले. "पर तीस वर्सांत बायकोनं एकच गोष्ट मागितली, आन् ती मी रश्श्यात बुडवली. हात तरी धुवून जातो."

आज्जी इतक्या हसल्या की पुतण्या पळत आला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तिला घेऊन या उद्या. तुम्ही काय आणू नका."

गेल्या उन्हाळ्यात घर अक्काच्या नावावर झालं. आता ती बरेच दिवस तिथंच असते, आज्जी संध्याकाळी काठी टेकत गप्पांना येतात. दाजी शनिवारी दुकान बंद करून पोचतात. मागच्या खेपेला मी गेलो, तर दोघं मागच्या पायरीवर बसले होते. फणसावर कुठलासा पक्षी एकसारखा शीळ घालत होता, आणि अक्का मान कलती करून ऐकत होती. मी म्हणालो, "किती गोड ओरडतोय, न्हाय?" दाजींनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. ती आत चहा टाकायला गेली, तसे जवळ सरकले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हळू आवाज ऐकला.

"मोटारींनी कान गेलेत माझे, पावणं. बारीक काय ऐकू येत न्हाय आता. हिला सांगू नका." त्यांनी फणसाकडं बोट केलं. "पर पाखरू बोलाय लागलं की मला कळतंय. हिचं तोंड बघितलं की कळतंय."