हिराजीकाकांची मुक्कामी पुस्तकं

बाळकुमहून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. हिराजीकाकांची सून रंजना बोलत होती. दुपारी जेवले, उशाशी पुस्तक घेऊन आडवे झाले, ती चहाला उठवायला गेली तर उठले नाहीत... एवढंच तिने सांगितलं. मी फोन ठेवला. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी रडू यायला हवं. मला आधी हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवूनच बसले आहे. पंधराच दिवसांपूर्वी मी बाळकुमला जाऊन, चौदा वर्षं पोटात ठेवलेली एक थाप काकांपुढे कबूल केली होती. त्या रविवारीही दर वर्षीसारखी न सांगताच परतले असते, तर ती कबुली आता कुणाला द्यायची होती मी?

काका खोपटच्या बस डेपोत कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे कर्ण्यावरून सांगणारा जो आवाज असतो ना, तो त्यांचा. माझे वडील त्याच डेपोत मेकॅनिक. कॅन्टीनशेजारच्या खोलीत कामगारांनी मिळून दोन कपाटांचं एक वाचनालय चालवलेलं होतं आणि त्याच्या किल्ल्या काकांच्या कमरेला असायच्या. शाळांच्या परीक्षा संपल्या की एका शनिवारी उन्हाळ्याची पुस्तकं वाटली जायची. तुला काय आवडतं, असलं काका कधी विचारायचे नाहीत. सुट्टीत कुठे जाणार, ते विचारायचे. कुणी अलिबाग म्हणालं की हातात पातळसं पुस्तक, नाशिक म्हणालं की त्याहून जाड. पार चंद्रपूरच्या पाव्हण्यांकडे जाणाऱ्यांची चैन असायची, त्यांना दोन मिळायची. पण प्रत्येकाला त्याखेरीज एक जुनं, नावाजलेलं पुस्तक सक्तीचं असे, आणि त्याला काकांनी नाव ठेवलं होतं मुक्कामी पुस्तक. मुक्कामी गाडी कशी संध्याकाळी गावात येते, रात्रभर तिथेच उभी राहते आणि सकाळी गावातल्या माणसांना घेऊन निघते, तसं. बाकीची पुस्तकं जलद गाड्या, धुरळा उडवून गेल्या की संपलं. शाळेत आम्हाला 'अभिजात' वगैरे शब्द नंतर शिकवले गेले. मला अजून काकांचाच शब्द पटतो.

जूनमध्ये पुस्तकं परत द्यायला गेलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा. "काय गो, कुठे थांबलीस?" पुस्तक वाचून संपलं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मुक्कामी पुस्तकात माणूस थांबणारच, हे त्यांनी धरलेलं असायचं. कुठे थांबलो आणि तिथेच का, हे सांगायचं, की झालं. मोठमोठे ड्रायव्हरसुद्धा "पान चाळीस, काका. पुढे लय माणसं आली, नावं घोटाळली" असं सांगून हसत निघायचे. पण हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी सातवीतून आठवीत गेलेली, वर्गात पहिली, आणि आमच्या चाळीत पहिली येणारी मुलगी म्हणजे काय तोरा असतो ते विचारू नका. मला तो प्रश्न तोंडी परीक्षेसारखा वाटला.

त्या वर्षीचं माझं मुक्कामी पुस्तक म्हणजे एक जाडजूड कादंबरी होती. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे मी तिचा शेवट फोडणार आहे. दुष्काळात एक बाई आपली लहान मुलगी सासूपाशी ठेवून मजुरीला दूरदेशी जाते, अशी गोष्ट. पुस्तक घेऊन मी आत्याकडे जुन्नरला गेले आणि बासष्टाव्या पानावर आडवी झाले. आंबे होते, आत्याच्या मुली होत्या, विहीर होती. पुढचा महिनाभर त्या कादंबरीने आत्याच्या गच्चीवर पापडांचं प्लॅस्टिक उडू नये म्हणून वजनाचं काम केलं. परत आल्यावर काकांनी विचारलं, कुठे थांबलीस? मी म्हटलं, "कुठेच नाही. संपवलं."

काका खुर्चीतून उठलेच. एवढ्याशा पोरीने ही कादंबरी शेवटापर्यंत पोचवली, हे त्यांनी कॅन्टीनभर सांगितलं. मग मला बाजूला घेऊन अगदी हळू विचारलं, "त्या बाईचं काय होतं गो शेवटी? पोर भेटते का तिला?" मला काय ठाऊक! पण एवढं कौतुक झाल्यावर माघार कुठली. मी म्हटलं, "भेटते ना. ती घरी परत येते." काकांनी डोळे मिटले आणि बरं झालं, बरं झालं असं दोनदा म्हणाले. मला वाटलं, सुटले.

त्या 'बरं झालं'चा अर्थ वडिलांनी मला दोनेक वर्षांनी सांगितला. काकांच्या बायकोला, येसूकाकूंना, मी पाहिलं नव्हतं. त्या खाडीची मासळी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, बोट फिरवत वाचायच्या, आणि दिवसभरात जेवढं वाचून होई तेवढं संध्याकाळी काका घरी आले की त्यांना सांगायच्या. मला मिळालेली कादंबरी काकांनी आदल्या उन्हाळ्यात काकूंसाठी नेली होती. काकू अर्ध्यावर आल्या आणि काविळीने गेल्या. काकांनी त्यापुढचं पान उलटलं नव्हतं. स्वतः वाचवेना आणि काय झालं ते कळल्याशिवाय राहवेना, म्हणून त्यांनी वर्षाने ती माझ्या हातात दिली होती... आणि मी त्यांना पापडाच्या गच्चीवरून शेवट आणून दिला होता.

पुढे मी ती कादंबरी वाचली, पण बाविसाव्या वर्षी. बाई घरी पोचत नाही. गाव नदीपलीकडे दिसतं, ती दम खायला झाडाखाली बसते आणि पुन्हा उठत नाही. मी पुस्तक मिटलं आणि काकांचं ते 'बरं झालं' आठवलं. काका रिटायर होऊन एव्हाना बाळकुमच्या घरी गेले होते. डेपोतलं वाचनालय बंद पडल्यावर त्यातली कपाटंही तिकडेच गेली होती. लग्न होऊन मी कोपरला आले तरी दर एप्रिलमध्ये ठाण्याला उतरून बाळकुम गाठायचे आणि काकांनी निवडलेली पुस्तकं घेऊन यायचे. दर वर्षी जाताना ठरवायचे की आज सांगायचं, आणि दर वर्षी बोंबलाचं कालवण जेवून, पुस्तकं पिशवीत घालून तशीच परत यायचे. खरं सांगितलं तर ते त्या बाईला पुन्हा मारल्यासारखं झालं असतं. न सांगावं, तर एका भल्या माणसाच्या दुःखात मी लबाडी घुसडली होती. माझ्या नवऱ्याला मी एकदा हे सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, कादंबरीच आहे ना?" त्याला काय कळणार. तो वर्तमानपत्रसुद्धा मागून पुढे वाचतो.

या एप्रिलमध्ये गेले तेव्हा काका खाटेवर होते. छातीच्या दुखण्याने पार वाळले होते, कपाटापर्यंत चालवत नव्हतं. मला म्हणाले, "या टायमाला मी काय निवडून देत नाय. तूच काढ एक, माझ्यासाठी. मुक्कामी काढ." मी कपाट उघडलं. पुस्तकांच्या पाठी दिसत होत्या, पण हात पुढे जाईना. ज्याला खोटा शेवट दिला त्याच्यासाठी आपण कुठल्या तोंडाने पुस्तक निवडायचं? मी तशीच वळले आणि म्हटलं, "काका, त्या कादंबरीचा शेवट मी तुम्हाला खोटा सांगितला होता. मी बासष्टाव्या पानावरच थांबले होते."

काकांनी चष्मा काढून पंच्याने पुसला. "माहीत आहे," ते म्हणाले. "त्याच साली वाचली मी, गणपतीच्या आत. तू बोल्लीस ना पोर भेटते तिला, म्हणून हिंमत झाली. नायतर ते पान मी जन्मात उलटलं नसतं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तेरा वर्षांची पोर तू. पुढच्या वर्षी आलीच नसतीस."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पहिल्या जूननंतर त्यांनी माझ्या त्या पराक्रमाचा कुणापाशी शब्दही काढला नव्हता. मी आपली समजत होते, विसरले असतील. मी रडायला लागले तर ते भिंतीवरच्या येसूकाकूंच्या फोटोकडे बघत म्हणाले, "हिला मात्र तुझाच शेवट सांगितलाय. अर्धी गोष्ट तिने मला सांगितली, शेवट तेवढा मी तिला. मग खरं काय ते मला कळलं... पण आता तिला कशाला सांगायचं? तिची बाई पोचलीय घरी. राहू दे बोललो." त्यावर मला रडता रडता हसू आलं, आणि तेही हसले. चौदा वर्षांत मी त्यांच्याजवळ इतकी मोकळी कधी बसले नव्हते. मग मी त्यांच्यासाठी खालच्या कप्प्यातलं एक चांगलं वीतभर जाडीचं पुस्तक काढलं. ते म्हणाले, एवढं? एवढा उन्हाळा आहे का माझ्याकडे? मी म्हटलं, थांबाल तिथे थांबा.

परवा पुन्हा बाळकुमला गेले होते. काकांचा फोटो आता काकूंच्या शेजारी लागला आहे, खाट उचलून तिथे खुर्ची ठेवली आहे. रंजना चहा करायला आत गेली आणि मी त्या खुर्चीत बसले. खरं बोलून टाकायची मला एव्हाना चटकच लागली होती, आणि समोर काकू होत्या, ज्यांना काय ते कधीच कळलं नव्हतं. मी खुर्ची त्यांच्या फोटोजवळ ओढली. मग म्हटलं, "काकू, ती पोचली बरं का घरी. पोर दारातच उभी होती."

आतून रंजनाने विचारलं, "कोणाशी बोलताय ताई?"

"काकूंशी."

"बोला, बोला. बाबांचं पण संध्याकाळी तेच असायचं," ती म्हणाली आणि तिने चहाला आधण ठेवलं.