माझी शुगर चिकूवालीला कोणी सांगितली?

ते प्रकरण मी विसरलो नाही, आणि घरचेही विसरू देत नाहीत. जेवणानंतर चिकूची एखादी फोड हातात घेतली की सून हमखास विचारते, "बाबा, ती चिकूवाली काय म्हणाली होती?" नोकरीत मी दरोडे उघडकीला आणले, महामार्गावरच्या टोळ्या पकडल्या. पण घरात माझी ख्याती चिकूवालीकडून हरलेला अधिकारी अशीच आहे. ती खोटी आहे असं मी म्हणू शकत नाही.

नावं कोणाचीच लिहीत नाही, ठाण्याचंही नाही. डहाणू-तलासरी पट्ट्यातलं एक ठाणं आणि मी तिथला प्रभारी, एवढं पुरे.

एक तरुण मुलगी मावशीला घेऊन ठाण्यात आली. डोंगराकडच्या एका पाड्यावरची. राज्याच्या सीमेलगतच्या कारखान्यात कामाला जायची आणि तिथल्या मुकादमाने तिच्याशी अतिप्रसंग केला होता. महिला उपनिरीक्षकांनी दार लावून तिची फिर्याद घेतली. निघताना ती माझ्या टेबलापाशी थांबली.

"साहेब, तू माझा नाव कुठं बोलशील काय?"

इकडच्या बोलीत साहेबालाही तूच म्हणतात. बदलून आलेला माणूस आधी दचकतो. मग आईनंतर आपल्याला हक्काने तू म्हणणारं कोणी भेटलं, याचं बरं वाटायला लागतं.

"नाही बोलणार," मी म्हणालो.

"पाड्यावर गेला तं मी केस सोडून देईन. परत येणार नाय."

मावशी म्हणाली, "आमच्याकडं गोष्ट एका घरात शिरली का सगळ्या घरांत जेवून येते, साहेब."

अशा गुन्ह्यात फिर्यादीचं नाव उघड करणं हाच मुळात गुन्हा आहे, त्यामुळे शब्द द्यायला मला काही जड गेलं नाही. इतर फिर्यादींसारखी ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकली नाही. कागद माझ्या कपाटात आणि चावी माझ्या पट्ट्याला. त्या चावीचा मला फार अभिमान होता. चालताना वाजायची.

थोड्याच दिवसांत डहाणूच्या एका साप्ताहिकात पहिल्या पानावर बातमी आली. पीडितेची फिर्याद मोबाईलवर फिरते आहे, पोलीस गप्प आहेत. बातमीत मुलीचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं, कारखान्याचंही नव्हतं. पण बातमी खरी होती. मुकादमाच्या दोस्तांच्या ग्रुपवर आमची फिर्याद पानन् पान फिरत होती. आमच्या एका शिपायाने ती मिळवून माझ्या टेबलावर ठेवली. मी चावीला हात लावून पाहिला. जागेवरच होती.

मुलगी पुन्हा आली. रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"तू बोलला होतास," एवढंच म्हणाली.

पाड्यावर ते अजून पोचलं नव्हतं. बातमीने ग्रुपवाले घाबरून थोडे थंडावले होते, पण किती दिवस? ती म्हणाली, "पोचायच्या आधी काय ते कर." मग विधी सेवेच्या वकीलबाईंनी तिच्या वतीने उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. सरकारच्या ताब्यातली माझी खाजगी गोष्ट सरकारनेच बाहेर जाऊ दिली, असं तिचं म्हणणं होतं. सरकार म्हणजे इथे कोण, तर चावीवाला मी.

वरून फोन आला. "त्या पत्रकाराला कोणी सांगितलं, ते आधी काढा. तोच तुमचा फितूर."

मलाही ते पटलं. बातमी देणारा आणि कागद फोडणारा एकच असणार, यात शंका घ्यायचं काही कारण दिसत नव्हतं. पत्रकाराला बोलावलं. मध्यमवयीन गृहस्थ, जुनी स्कूटर, खांद्याला कापडी पिशवी.

"नाव सांगा," मी म्हणालो.

"माझं? ते तुम्हाला माहीत आहे."

"बातमी देणाऱ्याचं."

"ते नाही सांगणार, साहेब."

"नाव लपवायला कायद्याने तुम्हाला पूर्ण संरक्षण नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर डबा घेऊन आलोय."

त्याने पिशवीतून खरोखरच डबा काढला. नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. अर्धी भाकरी माझ्यापुढे केली आणि मी ती खाल्ली. चौकशीच्या कुठल्याही पुस्तकात हे बसत नाही, पण चटणी चांगली होती.

माझी एक जुनी युक्ती होती. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. शांतता माणसाला सोसत नाही, तो आपणहून बोलू लागतो. त्या दिवशीही मी गप्प बसलो. तोही बसला. शेवटी शांतता मलाच सोसेना. मी त्याला माझं ब्लडप्रेशर, मुलाची नोकरी, निवृत्तीनंतर घर कुठे बांधावं, असं सगळं सांगून मोकळा झालो. त्याने नीट ऐकून घेतलं. जाताना दारात थांबला.

"साहेब, मला सांगणारा आणि मुकादमाच्या माणसांना देणारा वेगळे असतील तर? आणि अजून एक. त्या मुलीचं नावही मला कळलंय. ते मी छापलं नाही, घरीही बोललो नाही. एक नाव जिथे ठेवलंय तिथेच दुसरं आहे. एकासाठी कुलूप उघडलं तर दुसरं आत कसं राहील?"

मी त्याला जाऊ दिलं. वर कळवलं, चौकशी चालू आहे.

मग ठाण्यातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून विचारलं, "फिर्याद बाहेर कोणाला दिली?" सगळे म्हणाले, नाही दिली. इतक्या वर्षांत खोटं बोलणाऱ्याचे कान, पाय, आवंढा हे सगळं वाचायला शिकलो होतो. ही माणसं खरं बोलत होती. फक्त जाताना प्रत्येकाची नजर माझ्या पट्ट्याकडे जायची.

अशात एकदा महामार्गावरच्या बंदोबस्तासाठी चारोटीला गेलो. तिथे नाक्यावर टोपली घेऊन बसणारी एक बाई होती, नेहमी तिच्याकडूनच चिकू घ्यायचो. जीपमधून उतरलो, टोपलीत हात घातला, तर तिने टोपली मागे ओढली.

"तुला नाय देणार."

"का गं?"

"तुझी साखर वाढली. मरशील तं तुझी बायको मला बोलंल."

मी थक्क झालो. शुगर वाढल्याचं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर चहा बंद झाला असता.

"तुला कोणी सांगितलं?"

"नाय सांगणार. भला माणूस हाय, तू त्याला ठाण्यात नेशील."

"नाही नेणार."

"पोलीस असंच बोलतात."

ड्रायव्हर स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत होता. एका आठवड्यात दोन माणसांनी मला नाव सांगायला नकार दिला होता आणि दोघांसमोर मी सारखाच हतबल होतो. फरक एवढाच, की पत्रकाराने निदान भाकरी दिली होती.

परतीच्या वाटेवर मात्र डोकं चालू लागलं. माझा रिपोर्ट कोणाकोणाला माहीत? वापीची लॅब. तिने मोबाईलवर पाठवला. डॉक्टरांना दाखवायला कागद हवा होता आणि ठाण्याचा प्रिंटर कधीचा बंद. म्हणून मी तो पाठवला झेरॉक्सवाल्याच्या नंबरावर. बाजारात सगळे तेच करतात. दाखला असो, आधार असो, लग्नपत्रिका असो, "नंबरावर टाका" म्हणायचं, टाकायचं, दहा मिनिटांनी प्रिंट घेऊन यायची.

ठाण्यात शिरताच हवालदाराला विचारलं, "त्या मुलीच्या फिर्यादीची प्रिंट कुठे काढली?"

"नेहमीच्या ठिकाणी, साहेब."

"मी विचारलं तेव्हा म्हणालात, बाहेर दिली नाही."

"बाहेर कुठं दिली? झेरॉक्सवाल्याकडं टाकली. तो आपलाच की."

त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. माझा प्रश्नच चुकला होता. झेरॉक्सचं दुकान 'बाहेर' आहे, हे आमच्यातल्या कोणाच्याच मनात आलं नव्हतं. ग्रुपवर फिरणारी प्रत पुन्हा पाहिली. तिच्यावर मुलीची सही नव्हती. म्हणजे प्रत माझ्या कपाटातली नव्हतीच. कागद कपाटात यायच्या आधीच गोष्ट निघून गेली होती आणि मी रिकाम्या पिंजऱ्याची चावी वाजवत फिरत होतो.

दुकानात गेलो. गिऱ्हाईकांच्या बाकड्याकडे तोंड करून संगणक ठेवलेला. पडद्यावर आलेले सगळे निरोप उघडे, वर माझा शुगरचा रिपोर्टही. मालक उठून उभा राहिला.

"साहेब, मी कोणाला काय दिलं नाय. गर्दी असली की म्हणतो, तुमचं तुम्ही शोधून घ्या. मी फक्त खुर्ची दिली."

"त्या दिवशी खुर्चीवर कोण बसलं होतं?"

कारखान्याची कागदं काढायला रोज येणारा, मुकादमाचा दोस्त. आपलं काही शोधता शोधता त्याला आमचं सापडलं आणि त्याने ते तिथूनच पुढे ढकललं. संगणकात त्याची खूण होतीच. पंचनामा केला, संगणक जप्त केला, त्याला ताब्यात घेतलं. संध्याकाळपर्यंत त्याने कबूल केलं. मुलीची ओळख उघड केल्याचा वेगळा गुन्हा नोंदवला. ग्रुपमधल्या एकेकाला बोलावून फोन जमा केले आणि पुढे पाठवणाराही आरोपी होतो, हे समजावलं. पाड्यापर्यंत ते पोचलं नाही.

न्यायालयात प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. पत्रकाराने सहकार्य न केल्याने तपास अपूर्ण, असं लिहावं, असा वरून सूर होता. मी लिहिलं की गळती आमच्या रोजच्या सवयीतून झाली आणि बातमी आली म्हणूनच ती थांबवता आली. त्याबद्दल मला ताकीद मिळाली. न्यायालयाने सरकारला खडसावलं, मुलीच्या बाजूने निकाल दिला. मूळ खटला बंद दाराआड चालला, ती साक्षीला उभी राहिली आणि मुकादमाला शिक्षा झाली. आमच्या ठाण्याला नवा प्रिंटर आला. उच्च न्यायालयाच्या कृपेने टोनर मिळालेलं दुसरं ठाणं मला तरी माहीत नाही.

त्या पत्रकाराचे मी मनापासून आभार मानतो. पहिल्या दिवशी तो बोलला असता तर तपास तिथेच संपला असता. एका भल्या माणसावर कारवाई करून मी निर्धास्त झालो असतो आणि दुकानातली ती खुर्ची तशीच राहिली असती. एखाद्याचं गप्प राहणं हे तपासात अडथळा असतं, असं आम्हाला शिकवलेलं. कधी कधी त्या गप्प राहण्यामुळेच पोलीस चुकीच्या दारातून परत फिरतो. मी फिरलो, ते शहाणपणाने नाही, नाइलाजाने. पण फिरलो.

निवृत्तीच्या समारंभाला तो आला होता. मी म्हणालो, "आता तरी सांगा."

"तुम्ही निवृत्त झालात, साहेब. मी कुठे झालोय?"

पुढे एका लग्नाचं आमंत्रण आलं. कोणाचं, हे वाचणाऱ्यांनी ओळखलं असेल. बायकोने विचारलं, मुलाकडून की मुलीकडून? मी म्हणालो, ओळखीतून. मांडवात धवलेरी बाई गाणी म्हणत लग्न लावत होती. मावशीने मला हाताला धरून पंगतीत बसवलं. समोरच्या रांगेत पत्रकार. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही.

तेवढ्यात एक तिसरं माणूस मांडवात शिरलं. त्याचं तिथे असण्याचं काहीही कारण नव्हतं. मला तर ते माणूस चांगलंच माहीत होतं. नवरी उठली, पुढे गेली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. किती तरी वेळ.

चौकशीत जे नाव मिळालं नाही ते मला पंगतीत वाढून मिळालं. मी मान वर केली तर पत्रकार माझ्याकडेच पाहत होता. ठाण्यात डबा घेऊन बसला होता तेव्हाही इतका घाबरलेला नव्हता.

"जरा मीठ द्या," मी म्हणालो.

त्याने मीठ पुढे केलं आणि पुन्हा जेवायला लागला.

गाडीत बायको म्हणाली, "अहो, नवरीने एवढं धरून ठेवलं, ते कोण होतं?"

"कोण? मी पाहिलं नाही."

"पोलीस होतात ना तुम्ही?"

"होतो."

सून अजून विचारते, "बाबा, ते तिसरं माणूस कोण होतं?" मी हातातली चिकूची फोड तोंडात टाकतो. डॉक्टर रागावतात, पण करणार काय, भरल्या तोंडाने बोलता येत नाही.