फुंकणीमावशीची खुर्ची

जावयाला कधीही विचारा, तो हसतहसत कबूल करतो की सासूबाईंच्या बाबतीत त्याचा पहिला अंदाज सपशेल चुकला. ड्रायव्हरच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी बस डेपोच्या फाटकाशी त्याला एक ठेंगणी बाई दिसली. नाकावर घसरलेला चष्मा, मांडीवर पिवळ्या लोकरीचा गुंडा, हातात सुया. कुणाची तरी आई डबा द्यायला आलीय असं समजून हा शहाणा म्हणाला, "मावशी, इथे बसू नका, गाड्या मागे घेतात."

मावशींनी हातातला टाका पुरा केला, पिशवीतून दारू तपासायचं मशीन काढलं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं. "फुंक बाळा. मग गाड्या कशा मागे घेतात ते शिकव मला."

पुढे त्याने त्यांच्याच मुलीशी लग्न केलं आणि बाळाचे जावईबापू झाले. अंदाज काही सुधारला नाही. आता काय, घरचंच माणूस फाटकावर, असं त्याच्या डोक्यात जाऊन बसलं.

बाईंचं मूळ काम बसच्या सीटची कव्हरं शिवायचं. मग डेपोच्या साहेबांनी ठरवलं, रोज सकाळी प्रत्येक ड्रायव्हरने फुंकायचं आणि हिरवा दिवा लागला तरच चावी. आता त्या खुर्चीत बसणार कोण? सगळ्या डेपोशी वाकडं घ्यायची हौस कुणाला? मावशी म्हणाल्या, मी बसते, तिथे ऊन छान येतं. ड्रायव्हरांनी मशीनचं नाव फुंकणी ठेवलं आणि बाई फुंकणीमावशी झाल्या.

लोकांना वाटतं, यामागे काहीतरी रडकी कहाणी असणार. काही नाही हो. नवरा धडधाकट आहे, कुंड्यांना पाणी घालतो, रविवारी एक पेला घेतो आणि त्यात बर्फ मावशीच टाकतात. दारूशी त्यांचं भांडण नाही. दारू आणि चावी एकाच हातात दिसली की मात्र त्या कुणाच्या नाहीत. सकाळी आधी स्वतः फुंकायचं, मग साहेबांनी, मग बाकीच्यांनी, हा त्यांचा शिरस्ता.

कँटीनमध्ये यावर रोज वाद. कुणी म्हणे दंड दुप्पट करा, कुणी म्हणे सरळ तुरुंगात टाका. भोंगा नावाचा जुना ड्रायव्हर, ज्याची कुजबुजसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जाते, तो म्हणायचा, "तुरुंग पाहिलाय कुणी? रस्त्यावर पोलीस कधीतरी भेटतो, तेव्हा बघू म्हणतो माणूस. ही बया रोज भेटते. तिच्या धाकाने मी अर्ध्यावर पेला खाली ठेवतो." आणि लगेच, "तरी चढलीच तर लिंबू प्या, सगळी उतरते," हा फुकटचा सल्लाही द्यायचा. जावई त्याचा पट्टशिष्य.

जावयाची नोकरी कायम व्हायला थोडेच दिवस उरले होते. लाल दिवा लागला तर मात्र सहा महिने पुढे, असा डेपोचा नियम. कायम झाल्यावर वेगळं घर घ्यायचं होतं. बायकोने पडद्यांचं कापडही पाहून ठेवलं होतं आणि ते शिवणार होत्या मावशीच.

आणि नेमकी त्यातच एका संध्याकाळी मित्राच्या बढतीची पार्टी. जावई शहाण्यासारखा रिक्षाने घरी आला, झोपला, सकाळी गार पाण्याने अंघोळ केली, भरपेट खाल्लं आणि मोटारसायकलवरून शीळ घालत डेपोत आला. फुंकलं. लाल.

"मशीन बिघडलंय, आई."

मावशींनी नळी बदलून स्वतः फुंकलं. हिरवं. त्याने पुन्हा फुंकलं. लाल.

"अहो, रात्रीची आहे ती. झोप झाली, अंघोळ झाली."

"तुम्ही झोपलात जावईबापू. ती कशाला झोपेल?"

मागे रांगेत भोंग्याला चेव आला. "बघू आता, मावशींचा जीव जावयावर की फुंकणीवर."

जावई खाली वाकून पुटपुटला, "आई, मी जरा बाजूला उभा राहतो. बाकीच्यांचं होऊ द्या, मग परत फुंकतो. कुणाला कळणार नाही. तुमच्या मुलीचा तरी विचार करा."

मावशींनी चष्मा वर सरकवला. त्यांचा हात फळ्यावरच्या चावीपाशी गेला आणि थोडा वेळ तिथेच राहिला. मग ती चावी त्यांनी राखीव ड्रायव्हरच्या हातात दिली. "तिचाच विचार करतेय. ती याच बसने कामाला जाते," त्या म्हणाल्या आणि जावयापुढे तळहात पसरला. "मोटारसायकलचीही द्या."

साहेबांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. सहा महिने पुढे गेले ते गेलेच. परत येऊन मुलीला फोन लावला. "पडद्यांचं कापड एवढ्यात घेऊ नकोस. का ते जावईबापू सांगतील, मी नाही चुगली करणार." मग फोन जावयाच्या हातात दिला आणि तो बोलत असताना मुद्दाम पाठ करून विणत बसल्या.

जावई फुगून शेजारच्या बाकावर बसला. सहा महिन्यांचं दुःख गिळलं, पण हार गिळवेना. "लिंबू घेतलं असतं ना सकाळी, तर हिरवं आलं असतं."

"वेळ गेल्याशिवाय उतरत नाही. लिंबाचं तिथे काय काम?"

"लागली पैज?"

"लागली."

कँटीनमधून लिंबं आली. त्याने दोन पिळून घेतली, तोंड वेडंवाकडं केलं, वर काळी कॉफी ढोसली, फाटकापर्यंत चकरा मारल्या. फुंकलं. लाल.

"लिंबं शिळी होती."

मावशींनी तिसरं पुढे केलं. "हे ताजं आहे. वास घ्या हवं तर."

तेही गेलं पोटात. तोंड धुतलं, खळखळून चूळ भरली, फुंकलं. लालच. जावयाला स्वतःचंच हसू आलं.

"बरं. लिंबाने नाही उतरत."

"मोठ्याने बोला, जावईबापू," मावशी टाका मोजत म्हणाल्या. "कँटीनमध्ये भोंग्याला ऐकू गेलं पाहिजे."

आणि तो उभा राहून मोठ्याने बोलला.